वेलचीवाल्यांची गाडी

एकदा एका वृद्ध वस्तादांनी हाती घेतलेले काम अर्धेच केले, आणि तेही जाणूनबुजून.

वस्ताद शर्यतीच्या मोटारी रंगवत. तरुणपणी स्वतः त्या चालवत. त्यांचा एक शिष्य होता. हातात विलक्षण वेग आणि खिशात खडखडाट. तिशी उलटल्यावर त्याला प्रथमच राष्ट्रीय शर्यतीत उतरण्याची संधी मिळाली होती. नवे इंजिन आणि टायर द्यायला एक कंपनी तयार होती. अट एकच, गाडीच्या दोन्ही अंगांना तिचे नाव हवे. नाव होते ‘राजतुरा’. राजतुरा म्हणजे गुटखा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. परंतु गुटख्यावर बंदी, म्हणून कंपनीने त्याच नावाची वेलची काढली होती. जाहिरात वेलचीची, ज्याला समजायचे ते समजतच असे.

“वस्ताद, वेलचीच तर आहे. वेलचीनं कुणाचं काय बिघडलंय?” शिष्य म्हणाला. म्हणताना त्याची नजर जमिनीवर होती.

वस्तादांनी गाडी रंगवायला घेतली. चार दिवसांनी शिष्य आपल्या पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गाडी पाहायला आला. जांभळ्या अंगावर सोनेरी तिरपा पट्टा, पट्ट्याखाली तीन ठिपके, सारे अगदी पुडीवर असते तसे. नाव मात्र कुठेच नव्हते.

“वस्ताद, नाव कुठंय? उद्या कंपनीची माणसं येणार! माझ्या तोंडचा घास काढताय तुम्ही.”

वस्ताद मुलीसमोर उकिडवे बसले. “बाळ, ही गाडी कुणाची गं?”

“राजतुराची!” ती चटकन म्हणाली. मग तिने दातांनी पुडी फाडल्यासारखे केले आणि मान मागे टाकून ती तोंडात रिकामी केली. ती अजून बाराखडीही शिकली नव्हती.

शिष्याचा चेहरा उतरला. वस्तादांना त्याची फार दया आली.

“तुला बोल लावत नाही मी,” ते म्हणाले. “तुझ्या वयाचा असताना मीही सिगरेटचं नाव मिरवत धावलोय. एका ठिकाणी तशा जाहिरातीला बंदी होती, म्हणून नाव झाकायला लावलं. मी वर पट्टी चिकटवली, रंग तसेच ठेवले. लोकांनी पट्टीआडचं नाव बिनचूक वाचलं, आणि कायद्याला कसं फसवलं म्हणून मी हसलो. वाचणाऱ्यांत पोरंही होती, हे ध्यानात यायला फार वर्षं गेली रे. तू सांगशील तर आत्ता नाव लिहितो. ब्रश इथंच आहे. फक्त त्याला वेलची म्हणू नकोस.”

शिष्य गाडीभोवती एकदा फिरून आला. त्याचे डोळे भरले होते. भरणारच, एवढ्या वर्षांचे स्वप्न होते ते.

“वस्ताद,” तो म्हणाला, “पांढरा रंग आहे का?”

त्या वर्षीची राष्ट्रीय शर्यत त्याच्यावाचून झाली. तो गावच्या शर्यतीत जुन्याच टायरांवर धावला आणि पाचवा आला. पांढऱ्या गाडीवर आकड्याखेरीज काहीच नव्हते. लेक नुकतीच आकडे शिकली होती. गाडी समोरून गेली तेव्हा कुंपणाला धरून ती मोठ्याने वाचत होती, “सात! सात!”