खिंडीतली भिंत

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाला एक पाटील होता. माणूस मनानं वाईट नव्हता, पण त्याच्या नाकावरच्या रागाला औषध नव्हतं.

एकदा नवे व्याही घरी आले. त्यांना निरोप द्यायला पाटील वेशीपर्यंत गेला, तोच खिंडीतून वारा सुटला आणि पाटलाचा फेटा उडून थेट उकिरड्यावर पडला. व्याह्यांकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पाटील लालबुंद झाला. "माझ्याच गावात माझा अपमान? बुजवा ती खिंड!"

"पाटील, वारा तो. त्याला काय कळतंय?" लोक म्हणाले.

"नाही ना कळत? मग कळू दे!"

पाटलाच्या शब्दाबाहेर कोण जाणार? सगळ्यांनी दगड वाहिले. पावसाळ्याआधी खिंडीत उंच भिंत उभी राहिली. वारा अडला. देवळातल्या दिव्याची ज्योतसुद्धा हलेना. पाटलाला वाटलं, जिरवली याची.

पाऊस झाला, बाजरी डोक्याएवढी वाढली. सगळ्यांत आधी पाटलाची निसवली. कणसं फुलोऱ्यावर आली, पण या कणसाची पिवळी भुकटी त्या कणसावर न्यायला कुणी नव्हतं. ती जिथल्या तिथं वाळून गेली. पुढं पाटलानं एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली. सगळं भूस उडालं आणि हात रिकामा राहिला.

तो मटकन बांधावर बसला. शेजारच्या तुकड्यात सारजा म्हातारी उभी होती. तिला बैल मिळाले सगळ्यांच्या शेवटी, म्हणून पेरणीही उशिराची. तिची बाजरी आत्ता कुठं फुलत होती.

"बघितलंत?" ती कडाडली. "तुमचा फेटा पडला, तो गड्यानं उचलून दिला. माझी बाजरी पोचट निघाली, तर ती कोण भरून देणार? वाऱ्यानं तुमचं काय खाल्लं होतं हो?"

पाटील मान खाली घालून घरी आला. पाटलीणबाईंनी ताट वाढलं नाही.

"आपलं शेत तर गेलंच," तो पुटपुटला. "आता भिंत पाडून आपल्याला काय मिळणार? उलट लोक हसतील."

"हसायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं!" पाटलीणबाई उसळल्या. "मागून पेरलेल्यांची बाजरी अजून फुलोऱ्यात आहे. आज पाडलीत तर ती भरेल. उद्यापरवावर टाकलीत, तर गाव तुमच्या नावानं उपाशी निजेल. पाटीलकी मिरवता ना? मग उठा."

पाटील उठला. पहार घेऊन खिंडीत गेला आणि पहिला दगड त्यानंच काढला. लोक हसले खरे, पण हसता हसता त्यांनीही हात लावले. भिंतीला खिंडार पडलं, तसा वारा आत घुसला. बाजरीची ताटं एकमेकांना घासली, पिवळी धूळ या शेतातून त्या शेतात गेली. वाऱ्यानं ना पाटलाला टोमणा मारला, ना कुणाकडून आभार मागितले.

उशिराची शेतं भरली. पाटलाच्या शेतात मात्र कडब्याखेरीज काही निघालं नाही. सुगीला तो पोतं घेऊन सारजाच्या दारात उभा राहिला. तिनं पोतं भरलं, पण राग काही गिळला नाही.

"न्या, पाटील. पण पुढच्या खेपेला रागवायचंच झालं, तर माणसावर रागवा. माणूस निदान उलटून बोलतो."

तात्पर्य: ज्याच्या येण्याजाण्यावर साऱ्यांचं पोट चालतं, त्याच्याशी आपल्या मानापमानाचं भांडण मांडू नये. त्यात तो हरत नाही, गाव मात्र उपाशी मरतं.