बरण्यांच्या गळ्यातल्या चिंध्या

माझी शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण नानांची ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

“चार वेळा फॉर्म भरला? आणि चारही वेळा चुकला?” नानांनी विचारलं.

“हो नाना. पोरगी धांदरट आहे,” मी म्हणालो.

नाना जन्मांध. भोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांचा लहानसा मठ आणि मठाला लागून अंध मुलींचं वसतिगृह. तिथल्या सगळ्या खुर्च्यांचा वेत नानांनी विणलेला. एक धागा इकडचा तिकडे सापडायचा नाही.

यंदा प्रवेशाचा फॉर्म मोबाईलवर भरायचा होता. मठात राहून मी मोबाईलची कामं शिकलो होतो, तो मीच बनवला होता. वसतिगृहाची समिती कागदी अर्ज घेणार नव्हती. जागा एकच उरली होती, आणि फलटणकडच्या रेश्मा आतारला, त्याच चार वेळा चुकलेल्या पोरीला, ती हवी होती. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत.

“तुझा फॉर्म देखणा आहे म्हणतात सगळे.”

“आहेच,” मी बोलून गेलो. मी कमी बोलणारा, पण त्या दिवशी जीभ सैल सुटली. “इतरांच्या फॉर्मवर चौकटींबाहेर नुसती नावांची गर्दी. मी प्रत्येक चौकटीचं नाव तिच्या आतच ठेवलं, फिकट अक्षरांत. लिहायला लागलं की ते आपोआप निघून जातं. स्वच्छ!”

“आणि चुकलं तर?”

“चौकट लाल होते.”

“लाल कसं ऐकू येतं रे?”

मी हसलो. नाना हसले नाहीत...

त्यांनी फोन काढला. त्यांचा फोन पडद्यावरचं बोलून दाखवतो. त्यांनी माझ्या फॉर्मवरून बोट फिरवलं.

“रिकामी चौकट,” फोन म्हणाला.

बोट पुढे सरकलं.

“रिकामी चौकट.”

अकरा वेळा.

“बस,” नाना म्हणाले. “चहा करतो.”

त्याच सकाळी, नाना नदीवर गेलेले असताना, मी त्यांचं स्वयंपाकघर आवरलं होतं. बरण्यांच्या गळ्यात कळकट चिंध्या बांधलेल्या, कुणाला एक गाठ, कुणाला दोन. त्या मी चुलीत घातल्या आणि झाकणांवर सोनेरी शाईने नावं लिहिली. नाना खूश होतील असं वाटलं होतं.

नानांचा हात फळीवर गेला. एका बरणीच्या गळ्याशी थांबला... दुसरीच्या... तिसरीच्या...

मी उठलो. “नाना, मी देतो ना.”

“बस खाली.”

त्यांनी झाकणं काढून बाजूला एकावर एक ठेवली. चमचा बुडवला आणि चहात रिकामा केला. एक कप मला दिला, एक स्वतः घेतला.

पहिल्याच घोटाला मला ठसका लागला. नुसतं मीठ!

नाना सावकाश पीत होते. तोंड जराही वाकडं न करता, शेवटच्या घोटापर्यंत...

“नाना, ओतून टाका हो तो!”

“राहू दे,” नाना म्हणाले. “मी धांदरट माणूस.”

मला मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी माझा जुना सदरा फाडून चिंध्या केल्या. मिठाला एक गाठ, साखरेला दोन, चहाला तीन. नानांना त्या चाचपायला लावल्या आणि मग घट्ट आवळल्या.

नंतर फॉर्मला बसलो. प्रत्येक चौकटीचं नाव बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवलं, काळ्या ठळक अक्षरांत, फोनला वाचता येईल असं. शेजारी शेजारी कोंबलेल्या चौकटी एकाखाली एक घेतल्या. काय चुकलं आणि काय लिहायचं, ते शब्दांत सांगितलं. मग डोळे मिटले आणि फोनच्या आवाजावर अकराही चौकटी स्वतः भरून पाहिल्या. दोनदा अडखळलो. तिथे पुन्हा दुरुस्त केलं.

मग रेश्माच्या वडिलांना फोन लावला.

अकरा वाजता नानांसमोर जाऊन उभा राहिलो. ते खुर्चीला वेत ओढत होते.

“रेश्माचा फॉर्म आला, नाना. तिने एकटीने भरला. पहिल्याच खेपेला, एकही चूक नाही. जागा तिची झाली.”

त्यांचा हात थांबला नाही.

“बघ की,” नाना म्हणाले, “पोरगी एका रात्रीत शहाणी झाली.”