धुरपीचा शीण, गेनूचा शीण

सरका जरा पलीकडे. पाय आखडलाय माझा, त्याच्यावर कुणी पडू नका. आज एकच गोष्ट सांगेन, मग डोळे मिटायचे. मधेच 'का' आणि 'कसं' विचारलंत तर तिथंच थांबेन, आधीच सांगून ठेवते.

एक होती मुलगी. राजाची नव्हे. राजकन्या कसल्या दमतात! ही आपली दमलेली मुलगी होती. नाव तिचं धुरपी. आईबाप नव्हते, मामा-मामीकडे असायची. गाव डोंगरावर आणि पाणी खाली दरीत. मग काय, सकाळी हंडा डोक्यावर, दुपारी हंडा डोक्यावर, संध्याकाळी पुन्हा तेच. हंडा घेतला की मान जराशी डावीकडे कलायची तिची. रात्री अंथरुणाला पाठ लागली की मान हलवता यायची नाही.

आणि एक होता मुलगा, गेनू. तो राहायचा लांब, नदीकाठी. नावाडी होता. इकडची माणसं तिकडं न्यायची, तिकडची इकडं आणायची. त्याची एक लकब होती, बरं का. थोडं वल्हवायचं, मग वल्हं गुडघ्यावर टेकवून 'हुश्श' करायचं, मग पुन्हा वल्हवायचं. लोक हसायचे. हसू देत. दंड त्याचे दुखायचे, लोकांचे नव्हे.

धुरपीनं नदी कधी पाहिली नव्हती. गेनू कधी डोंगर चढला नव्हता.

मग एका रात्री काय झालं, दोघांना एकच स्वप्न पडलं. मधोमध चिंचेचं झाड. एका अंगाला चढण, दुसऱ्या अंगाला नदी आणि काठाला होडी. धुरपी डोक्यावर हंडा घेऊन आली, गेनू खांद्यावर वल्हं घेऊन आला. कामाची माणसं ती, स्वप्नातसुद्धा काम घेऊनच येतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हातातलं खाली ठेवलं आणि झाडाला टेकून झोपून गेले. स्वप्नात येऊन झोपले! हसताय काय? दमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

रोज रात्री तेच. मग हळूहळू बोलायला लागले. एकदा गेनू म्हणाला, "आण तो हंडा. आज मी नेतो."

"बाप्या माणसानं हंडा न्यायचा व्हय?"

"इथं कोण बघतंय?"

मग त्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर हंडा ठेवला आणि निम्मं पाणी अंगावर सांडून घेतलं. धुरपी पोट धरून हसली. मग ती होडीत बसली आणि वल्हं मारलं, तर होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. मग तो हसला. पण शिकले हं दोघं. तो हात सोडून चढण चढायला लागला, आणि ती अगदी त्याच्यासारखी 'हुश्श' करत वल्हवायला लागली.

सकाळी उठून बघते तर धुरपीची मान मोकळी, आणि तळहात मात्र सोललेले. तिकडे गेनूचे दंड हलके, आणि मान अवघडलेली. शीण काही गेला नव्हता बरं का. त्याची अदलाबदल झाली होती, इतकंच. पण आपल्या अंगात दुखतंय ते दुसऱ्याचं आहे म्हटल्यावर ते दोघांनाही गोड लागायचं. जीव जडला होता ना! लाजता कशाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता जागेपणी भेटायचं कसं? गेनूनं गावाचं नाव सांगितलं. धुरपी रात्रभर घोकत राहिली, आणि कोंबडा आरवला तशी विसरली. मग तिनं पदराचा दोरा काढून त्याच्या मनगटाला बांधला. सकाळी मनगट मोकळं. मग दोघांनी ठरवलं, एकमेकांचं तोंड नीट बघून ठेवायचं. बघून बघून ठेवलं. सकाळी तेही पुसून गेलं. दिवसभर नुसती हुरहुर, पण कुणाची ते सांगता यायचं नाही.

अशात मामानं धुरपीचं लग्न ठरवलं. कुठल्याशा पाटलाच्या मुलाशी. तिला कुणी विचारलं नाही. त्या रात्री ती झाडाखाली रडत बसली. म्हणाली, "उद्या मला नेणार. परक्या माणसाच्या घरात निजले की ही वाट मला सापडायची नाही रे."

 गेनू म्हणाला, "आज तू काही करू नगंस. नीज तू. तुझं पाणी मी भरतो, आणि होडीबी मीच हाकतो."

"आणि तू कधी टेकणार?"

"उद्यापासनं टेकायचंच हाय की."

मग ती झोपली. आणि तो रात्रभर चढत राहिला, रात्रभर वल्हवत राहिला. एकटा, दोघांचं.

सकाळी धुरपी उठली ती टवटवीत. जन्मात अशी उठली नव्हती. आपला सगळा शीण कुणीतरी घेऊन गेलंय, हे कळलं आणि तिला रडू आलं. पण रडून काय करते? मामा, मामी आणि ती निघाली. डोंगर उतरली, चालून चालून नदी लागली, होडीत बसली. नावाडी कोण? बरोबर! पण तिनं त्याला ओळखलं नाही, आणि त्यानंही तिला नाही. तोंडं पुसली गेली होती ना. त्याला तर बिचाऱ्याला डोळेसुद्धा उघडे ठेववत नव्हते.

मग नदीच्या मध्यावर गेनूच्या हातातून वल्हं गळलं आणि तो होडीतच आडवा झाला. होडी धारेला लागली, समोर खडक. मामा ओरडायला लागला. ओरडून होडी थांबते होय! धुरपी उठली, वल्हं उचललं आणि वल्हवायला लागली. थोडं वल्हवलं, वल्हं गुडघ्यावर टेकवलं, 'हुश्श' केलं, पुन्हा वल्हवलं. खडकाला वळसा घालून होडी काठाला लागली.

त्या 'हुश्श'नं गेनूचे डोळे उघडले. म्हणाला, "हात बघू तुझे." बघतो तर तळहातावर घट्टे.

"पाणी भरून पडलेत," मामा म्हणाला.

"पाणी डोक्यावरनं वाहत्यात, मामा. हे वल्ह्याचे घट्टे हायेत. माझे हायेत."

 धुरपी पोरगी शहाणी. म्हणाली, "मग माझं काय तुझ्यापाशी आहे, ते दाखव."

तिनं लग्नाच्या भांड्यांतला हंडा नदीत बुडवून काठोकाठ भरला. गेनूनं मुंडासं सोडून त्याची चुंबळ केली, हंडा डोक्यावर घेतला आणि हात सोडून घाट चढायला लागला. पाय लटपटत होते. घाटावरची माणसं खो खो हसली, बाप्या डोक्यावरून पाणी नेतोय म्हणून. पण थेंब सांडेना. आणि मान जराशी डावीकडे कललेली, थेट धुरपीसारखी. तो वर पोचला तेव्हा कुणी हसत नव्हतं.

"थोतांड आहे सगळं," मामा म्हणाला. "मी पाटलाला शब्द दिलाय."

तेव्हा मामी बोलली. वाटेत तोंड उघडलं नव्हतं तिनं. म्हणाली, "सारा जन्म तुमच्या घरात पाणी भरलं मी. डोक्यावर ओझं घेऊन दारात उभी राहायची, आणि तुम्ही पान खात बसायचात. एकदा उठून कळशी उतरवून घेतली न्हाई. पोरगी यालाच द्यायची. शब्द तुम्ही दिलाय, तुम्हीच जावा पाटलाकडं."

  मग मामा पुढं झाला आणि गेनूच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यायला लागला. जमलं नाही त्याला, सगळं पाणी अंगावर सांडलं. पण उतरवला.

मग लग्न झालं. पाटलाच्या मुलाची काळजी करू नका, त्याला मिळाली दुसरी. धुरपी आणि गेनू नदीकाठीच राहिले. काम काही कमी झालं नाही, ते कुणाचंच होत नाही. पण ती दमली की तो पाणी आणायचा, तो दमला की ती होडी काढायची. आणि रात्री दोघं इतकी गाढ झोपायची की स्वप्न म्हणून पडायचं नाही. हवंय कशाला? सुखानं राहिली. संपली गोष्ट.

आता मिटा डोळे. काय म्हणालास? मला पडतं का तसलं स्वप्न?

तुमचे आजोबा होते तोवर कधी नाही पडलं. हल्ली पडतं. चिंचेचं झाड नसतं त्यात, आपली परसातली विहीर असते. आजोबा रहाट ओढत असतात. मला म्हणतात, तू बस. मग सकाळी माझा खांदा जरा कमी दुखतो.

चला, मालवा तो दिवा. मला उशीर होतोय.