कुमुदताईंचा प्रश्न

एकदा डॉ. मुजुमदार या वृद्ध संधिवाततज्ज्ञांकडे एक तरुण डॉक्टर संशोधनासाठी आली. तिचे नाव शर्वरी. कोरोना होऊन गेल्यावर काहींचे शरीर स्वतःवरच का उलटते, रोगाशी लढणारी आतली व्यवस्था आपल्याच सांध्यांना शत्रू का समजू लागते, हा तिच्या अभ्यासाचा विषय. देशोदेशीचे शोधनिबंध तिने वाचले होते. बहुतेकांचा कौल एकच होता : कोरोना झालेल्यांत पुढच्या काळात असे आजार इतरांपेक्षा काहीसे अधिक आढळतात.

डॉ. मुजुमदारांच्या दवाखान्यात कुमुद इंगवले नावाच्या शिक्षिका येत. बोटे इतकी सुजलेली की हातात खडू धरवेना. एके दिवशी डॉक्टर आत रुग्ण तपासत असताना त्यांनी शर्वरीला हळूच विचारले, "मॅडम, हे कोरोनामुळेच झालं ना?"

आपल्याच विषयावरचा प्रश्न! शर्वरी उत्साहाने म्हणाली, "हो ताई, शक्यता बरीच आहे. जगभर तसंच दिसतंय."

कुमुदताईंनी मान डोलावली. पुढच्या तपासणीला त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. शेवटी शर्वरीने फोन केला, तेव्हा शांत स्वरात उत्तर आले, "गोळ्या बंद केल्यात मी. मैत्रिणीच्या साखरपुड्याला मी गेले, ताप घरी आणला, त्यात आई गेली. तिचं शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. भाऊ तेव्हापासून बोलत नाही. त्याच कोरोनानं मला हे दिलं, तर ते भोगायलाच हवं."

शर्वरीने घाबरून डॉक्टरांना सारे सांगितले. त्याच संध्याकाळी तिला बरोबर घेऊन ते कुमुदताईंच्या घरी गेले.

एकटीचे घर होते. कॉटवर आईची शाल अजून घडी करून ठेवलेली होती. पाणी दिल्यावर कुमुदताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा. कोरोनामुळेच ना?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

शर्वरी चकित झाली. याच विषयावर परिषदांमध्ये व्याख्याने देणारे हे गृहस्थ!

कुमुदताईंनी आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे ही शिक्षाच आहे, असंही म्हणता येत नाही?"

"नाही. सांधे सुजलेत एवढं खरं. औषधानं सूज उतरेल, हेही बरंचसं खरं. बाकीचं मला ठाऊक नाही."

"घरी बोलायला कुणी नाही ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मीच मला बोलत बसते." आणि त्यांनी दोन्ही हात तपासायला पुढे केले.

जिना उतरताना शर्वरीला राहवेना. "सर, तुम्ही खोटं का बोललात?"

डॉक्टर कठड्याला धरून थांबले. "खोटं नाही, शर्वरी. हजार माणसं समोर असली तर तुझा अभ्यास सांगतो की यांतल्या काहींना हा आजार कोरोनामुळे झाला. पण ते काही जण म्हणजे नेमके कोण, हे तो सांगू शकत नाही. हिला कोरोना झाला नसता तरी हा आजार झाला असता का? ना तुला ठाऊक, ना मला. तू हजारांचं उत्तर एकीला दिलंस. तिला त्यात निकाल ऐकू आला. एकटा माणूस स्वतःचा निवाडा स्वतःच करतो, अगं, आणि त्या न्यायालयात त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं. आपलं अज्ञान कबूल केलं तर निदान तो निवाडा थांबतो."

"मग मी आता काय करू?"

"ते मी कसं सांगू?" म्हणत डॉक्टर उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.

शर्वरी क्षणभर तिथेच उभी राहिली. मग वर गेली आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी मला जेवढं ठाऊक होतं त्याहून जास्त बोलले मी. थोडा वेळ बसू का?"

कुमुदताईंनी कॉटवरची शाल बाजूला सरकवून जागा केली. शर्वरीने विचारले, "आई कशा होत्या?" त्या सांगू लागल्या : ती कशी हसायची, मेथीची भाजी कशी करायची. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलेच नव्हते. भावाचा फोन त्या संध्याकाळीही आला नाही. पण जेवल्यावर त्यांनी गोळी घेतली.

आकडे पुष्कळांविषयी खरे बोलतात; एकट्या माणसापाशी मात्र जाऊन बसावे लागते.