नव्या पातेल्यातली कढी

फार जुन्या काळी, डोंगराआडच्या एका गावात एक विधुर राहत होता. बायको गेल्यापासून शेजारीणच त्याला दोन वेळा जेवण देत असे. तो जेवायचा, पण आधी एक घास तिच्याच मांजरीला घालून बघायचा.

एकदा निरोप आला, की लेक माहेरपणाला येते आहे. आई गेल्यावर प्रथमच. त्याने ठरवले, या वेळी शेजारचे ताट नको. आई करायची तशी कढी आपण आपल्या हाताने करायची आणि लेकीला वाढायची.

तो बाजारात गेला. मडके वाजवून पाहिले, तर खणखणीत वाजले. तरी त्याला वाटले, कुंभाराने चीर लिंपून टाकली असेल. लोखंडी कढई काळी होती. काळ्यात काय दडले आहे, कोणी सांगावे? लाकडी रवी त्याने तीनदा हुंगली आणि नाइलाजाने घेतली. शेवटी पितळेचे एक पातेले दिसले. आतून-बाहेरून सोन्यासारखे. तळाशी त्याला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला. त्या बाजारात त्याने विश्वास ठेवला तो एवढ्या एका वस्तूवर.

चूल पेटवायला विस्तव मात्र शेजारणीचाच लागे. खिडकीतून निखारे देताना तिने पातेले पाहिले.

"भावोजी, आतून कल्हई करून घ्या हो. कोऱ्या पितळेत आंबट ठेवू नये."

"कल्हईवाला तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही लागत. अक्का असत्या तर त्यांनीही हेच..."

"ती असती तर तुम्ही माझ्या चुलीत डोकावला नसतात!"

हिला माझ्या पातेल्याची झळाळी बघवत नाही, असे त्याच्या मनाने घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने आंबट ताकाची कढी केली आणि लेक येईपर्यंत त्याच पातेल्यात झाकून ठेवली. मांजर आली, झाकणाशी नाक नेले, शिंकली आणि निघून गेली.

"हिलाही फितवलं वाटतं," तो पुटपुटला.

दुपारी लेक आली. पहिल्याच घोटाला तिचा चेहरा आक्रसला. पण बाबांनी केलेली कढी, म्हणून तिने वाटी संपवली. थोड्या वेळाने तिला भडभडून उलटी झाली.

तो तसाच धावत अंगणात गेला. "बघा रे बघा! या बाईनं माझ्या लेकीला विष घातलं!"

सगळी आळी गोळा झाली. शेजारीण सरळ त्याच्या घरात गेली, पोरीचे कपाळ धरले, तिला पाणी पाजले, अंगावर पांघरूण घातले.

लेकीला जरा हुशारी आली. तिने पातेले जवळ ओढले. कढी जिथवर होती तिथे आतून हिरवट कड उमटली होती.

"बाबा, कोणी काही घातलं नाही. पितळेला लागून कढी कळकली आहे. या पातेल्याला कल्हई कुठाय? मावशींनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

शेजारणीने मांजर उचलली आणि ती घरी गेली. तिची ती खिडकी लागल्याचा आवाज सर्वांनी ऐकला.

लेक सासरी गेल्यावर त्याने कल्हई करून घेतली. पातेले आतून चांदीसारखे झाले. आता तो रोज पहाटे विस्तवासाठी चकमक झाडत बसतो, आणि मग कढी करतो. कढी खरोखर चांगली होते. वाटी भरून तो खिडकीखाली ठेवतो. संध्याकाळी ती तशीच असते. मांजरसुद्धा येत नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या मनात विष शोधण्याआधी आपण हौसेने निवडलेले भांडे आतून तपासावे.