फ्रेनीबाईंची पर्स

"नाना, एवढी बेमालूम नक्कल आजवर पाहिलीत का कधी?"

इरावतीने पर्स सातपुते नानांच्या पुढ्यात ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. शाबासकी घ्यायलाच आली होती म्हणा ना.

पुण्याच्या कॅम्पात, एका बेकरीच्या मागच्या बोळात नानांचं चामड्याच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान. दुकान कसलं, तिघं आत बसली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. पण जुनी परदेशी पर्स खरी की खोटी, हे सांगावं तर नानांनीच. इरावती तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकली होती. पाडव्याला तिचं स्वतःचं दुकान उघडणार होतं, जुन्या नामांकित पर्सेसचं. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. 'इथे फक्त अस्सल.'

नानांनी पर्स उचलली नाही. नुसता तळवा ठेवला तिच्यावर.

"कुणाची?"

"फ्रेनीबाईंची. इथेच पलीकडच्या गल्लीत राहतात. विकायची म्हणून मला बोलावलं होतं. लग्नात नवऱ्याने दिली, खास पॅरिसहून आणली, असं कौतुकाने सांगत होत्या."

"मग?"

"मग भिंग काढलं. ठसा बरोबर. अस्तर बरोबर. कड्या पितळेच्याच. मी म्हटलं, आहे बुवा अस्सल, आपल्या दुकानात पहिली हीच मांडायची. आणि मग ही मूठ पाहिली." इरावतीने बोट टेकवलं. "बाकी सगळ्या पर्सचे टाके उजवीकडे कललेत. मुठीचे डावीकडे. पॅरिसच्या त्या कारखान्यात असा टाका कुणी घालत नाही. एक टाका खोटा निघाला की अख्खी पर्स खोटी."

"हे मी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की."

"असेल…"

नाना बोळातल्या उन्हाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाईंना काय सांगितलंस?"

"जे आहे ते. म्हटलं, बाई, ही नकली आहे. साहेबांनी फसवलं तुम्हाला."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण इरावतीला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. उलट आपण किती निर्भीड, असंच वाटलं होतं तिला.

"आणखी कोण होतं तिथे?"

"त्यांची भाची. शेजारच्या दोघी. चहाला आल्या होत्या."

"बाई काय म्हणाल्या?"

इथे मात्र इरावती अडखळली. सकाळपासून ही एवढी एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

"काही नाही म्हणाल्या… भिंतीवर साहेबांचा फोटो होता, हार घातलेला. त्या उठल्या, फोटो उतरवला आणि कपाटात ठेवून दिला. मग मला म्हणाल्या, ही घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको."

नानांनी डोळे मिटले.

बेकरीत कुणीतरी पत्रे आपटत होतं.

मग नानांनी कातड्याचा एक तुकडा गुडघ्यावर घेतला. दोऱ्याला मेण लावलं. आरी उचलली, भोकं पाडली, आणि एकामागून एक पाच टाके घातले. दोरा तोडून तो तुकडा त्यांनी पर्सच्या मुठीशेजारी ठेवला.

इरावतीने भिंग काढलं आणि तसंच हातात धरून राहिली. भिंगाची गरजच नव्हती.

पाचही टाके डावीकडे कलले होते.

तिने नानांच्या हाताकडे पाहिलं. आरी डाव्या हातात होती. तीन वर्षं ती या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि तीन वर्षं भिंगातून फक्त पर्स बघत राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तुम्ही…?"

"चाळीस वर्षं झाली. साहेब स्वतः आले होते. घरच्या कुत्र्याने मूठ कुरतडली होती. बाई माहेरी नवसारीला गेलेल्या. म्हणाले, ती यायच्या आत करून द्या, आणि जन्मात तिला कळू देऊ नका, जीव आहे तिचा या पर्सवर. दोन दिवस इथेच, तू उभी आहेस तिथे, स्टूल टाकून बसून होते."

"म्हणजे साहेबांनी लपवलं होतं तर काहीतरी."

"लपवलं होतं."

नाना जरासे हसले. "मीही शब्द पाळला. आज तुझ्यापायी मोडला. पण एक सांगतो. चाळीस वर्षांत तो टाका कुणाच्या नजरेला आला नाही. तुझ्या आला. डोळा आहे तुला."

एरवी या एका वाक्यावर इरावती आठवडाभर तरंगली असती. आज ते वाक्य नुसतं टोचलं. तरी माणसाचा स्वभाव, इतक्यात कुठला वाकायला.

"पण नाना, मूठ मूळची नाही म्हणजे मी अगदीच चुकले नाही. पर्स शंभर टक्के अस्सल नाहीच ना?"

"नाही. मूठ पॅरिसची नाही, सातपुत्याची आहे."

"तेच म्हणतेय मी."

"हं… आणि इतकी वर्षं बाईंनी पर्स कशाला धरून मिरवली?"

इरावतीने पर्स उजेडात धरली.

मुठीचं कातडं मधोमध काळसर, गुळगुळीत झालं होतं. चार बोटं बसतील एवढंच. सकाळी याच जागेवर भिंग धरून तिने टाके मोजले होते. आता तिने तिथे आपली बोटं ठेवली, आणि तिचे डोळे भरून आले. आपण एका म्हातारीचा नवरा तिच्यापासून दुसऱ्यांदा हिरावून घेतला, असं तिला वाटलं.

"फोन करून सांगितलं तर?"

नानांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"बरं, जाते. आत्ताच जाते. साहेब आले होते, दोन दिवस बसून होते, सगळं सांगते त्यांना." ती उठली आणि दारातच थबकली. "नाना, भाचीसुद्धा असेल का घरी?"

"नसली तर बोलावून घे. शेजारच्या दोघींनाही."

"त्यांच्यासमोर?"

"सकाळी त्यांच्यासमोरच बोललीस ना?"

इरावती दाराची चौकट धरून उभी राहिली. तिला ती पाटी दिसत होती, ताज्या रंगाची. पाडवा आठ दिवसांवर आलेला. कॅम्पातली गोष्ट कॅम्पात राहत नाही, चहा निवायच्या आत कोंढव्याला पोचते. सगळं गाव म्हणेल, हिला खरं-खोटं कळत नाही आणि ही निघाली दुकान मांडायला.

"नाना, चार जणींसमोर उभं राहून म्हणायचं, माझं चुकलं. मग माझ्या शब्दावर विश्वास कोण ठेवील?"

नानांनी पर्सवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि मूठ तिच्या हातात दिली.

"आता ठेवतील."