तळ्याच्या राखणदाराचं एकच वाक्य

एका डोंगराच्या पायथ्याशी भलंमोठं तळं होतं. तळ्याला मातीचा बांध, बांधाखाली भाताची शेतं आणि शेतांपलीकडे गाव. बांधावर झोपडी घालून एक राखणदार आणि त्याची बायको राहत.

तळ्याचा साहेब पाच कोसांवरच्या शहरात बसे. त्याला इंग्रजीखेरीज काही वाचता येत नसे, आणि तोंडी निरोप कचेरीत कुणी ऐकून घेत नसे. म्हणून राखणदारानं रोज सकाळी तळ्याची हकीकत इंग्रजीत लिहायची आणि हरकाऱ्याच्या थैलीत टाकायची. तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीची किल्लीही साहेबाकडेच.

नवा होता तेव्हा राखणदारानं एकदा मनानं वाक्य जुळवलं. 'मी तळ्यापाशी झोपलो' म्हणायचं होतं. लिहिलं गेलं, 'तळं माझ्यावर झोपलं.' कचेरी दोन दिवस हसली. हरकाऱ्यानं येऊन सांगितलं, "दादा, तुमचं वाक्य कारकुनानं भिंतीला लावलंय बरं का!"

त्या दिवसापासून राखणदारानं धसकाच घेतला. आधीच्या राखणदाराच्या वहीत एक बिनचूक वाक्य होतं, 'पाणी खुणेखाली आहे, बांध मजबूत आहे.' तेच तो रोज उतरवून काढी. बायको म्हणे, "अहो, रोज एखादं नवं वाक्य लिहून बघा की." तो म्हणे, "एक येतंय ना धड? झालं तर मग."

अशी तीन वर्षं गेली.

एका सकाळी बांधाच्या पायथ्याशी त्याला पाणी झिरपताना दिसलं. बोटाएवढी धार, पण गढूळ. म्हणजे आतली माती वाहून चालली होती.

तो लिहायला बसला. झिरपण्याला काय म्हणतात? पायथ्याला काय म्हणतात? एक कागद फाडला, दुसरा फाडला. डोळ्यांसमोर ती भिंत आणि हसणारा कारकून.

"दादा, आटपा! घोडं कधीचं ताटकळलंय," बाहेरून हाक आली.

राखणदारानं कपाळावरचा घाम पुसला, रोजचं वाक्य सुबक अक्षरात लिहिलं आणि कागद थैलीत टाकला.

"काय लिहिलंत?" बायकोनं विचारलं.

"उद्या लिहितो नीट. तू गावात काही बोलू नकोस."

दिवसभर तो टोपल्यांनी माती टाकत राहिला. टाकलेली माती धार गिळून टाकी. दर घटकेला तो हात लावून बघे, आणि दर वेळी पाणी थोडं जास्तच लागे. खाली गावातल्या चुलींचा धूर वर येताना बघून त्याला रडूच फुटलं.

दुसऱ्या सकाळी धार मनगटाएवढी झाली होती. आता त्यानं शब्द शोधले नाहीत. येत होते तेवढेच मांडले, 'बांध पाय. पाणी येतो. माती पाणी. काल बोट, आज मनगट. काल मी लिहिला खोटा. साहेब या.'

कागद हरकाऱ्याच्या हाती देत तो म्हणाला, "हसू देत लेकाचे. पळ!"

बायको गावाकडे धावली. माणसं, गुरं टेकाडावर चढली. दुपारच्या आत साहेब चाळीस माणसं घेऊन दौडत आला. आता दमानं पाणी सोडायला वेळच उरला नव्हता. मोरी सताड उघडावी लागली. बांध वाचला, गाव वाचलं, पण कापणीला आलेलं भात डोळ्यांदेखत आडवं झालं.

साहेब बोलला ते सोबत आलेल्या कारकुनानं मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, काल कळलं असतं तर दोन गाड्या दगडमातीत भागलं असतं."

"साहेब, मला नीट लिहिता येत नव्हतं हो," राखणदार मान खाली घालून म्हणाला.

साहेबानं खिशातून तो मोडकातोडका कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. कारकून या खेपेला हसला नाही. हळूच म्हणाला, "साहेब म्हणतात, यातलं सगळं मला कळलं."

संध्याकाळी राखणदार चिखलातून घरोघर गेला आणि माफी मागून आला. मग वही उघडून त्यानं इंग्रजीत लिहिलं, 'भात गेला. चूक माझा.' वाक्य कुठंतरी चुकलंय, हे त्याला लिहितानाच कळलं. पण त्यानं पान फाडलं नाही. खाली दुसरं वाक्य लिहायला घेतलं.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: बिनचूक खोट्यापेक्षा चुकतमाकत लिहिलेलं खरं मोलाचं, आणि जो चुकायला भीत नाही, त्यालाच एक दिवस नीट लिहिता येतं.